रिकामी दावण आणि रंगवलेला बैल

गेल्या नाताळाच्या तयारीच्या दिवसांत आमच्या धर्मग्रामातील मुलांसाठी चित्रकला स्पर्धा ठेवली होती. विषय होता 'हरवत चाललेले गाव'. परीक्षकाचे काम माझ्याकडे आले. चित्रकलेचे माझे ज्ञान पुस्तकी आहे. सेमिनरीत असताना ग्रंथालयातील कलाविषयक जाडजूड ग्रंथ चाळण्याचा छंद लागला, तेवढीच काय ती शिदोरी. तरीही सभागृहातील दोन लांब टेबलांवर मांडलेली छत्तीस चित्रे पाहत मी तासभर फिरलो आणि फिरता फिरता अस्वस्थ होत गेलो.

छत्तिसांपैकी बहुतेक चित्रांत बैलगाडी होती. दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य होता, कौलारू घर होते, आणि घोड नदीकाठच्या आमच्या या कोरड्या मुलखाला न शोभणारे नारळाचे झाडही होते. बैल पांढरेशुभ्र, शिंगे रंगवलेली, पाठीवर झूल. परंतु गाडीचे जू कोणी बैलाच्या पाठीवर ठेवले होते, कोणी पोटाशी बांधले होते. एका चित्रात तर गाडी ओढणाऱ्या जनावराला चक्क कास होती. जू मानेवर, वशिंडाच्या पुढे बसते हे ठाऊक असलेली मुले त्या छत्तिसांत अगदीच थोडी निघाली. यात मुलांचा दोष तो काय? त्यांच्या घरच्या दावणी केव्हाच रिकाम्या झाल्या. त्यांनी बैल पाहिला तो दिनदर्शिकेवर, लग्नपत्रिकेवर आणि महामार्गावरच्या 'गावरान' जेवणाच्या हॉटेलांच्या भिंतींवर.

एक चित्र मात्र वेगळे होते. तपकिरी आणि काळ्या अशा दोनच पेन्सिलींनी काढलेले. दोन बैल, एक उंच, एक ठेंगणा; ठेंगण्याचे एक शिंग मोडलेले. दोघांच्याही मानेवर जूने घासून केस गेलेला, काळा पडलेला घट्टा. गाडीला लाकडी चाके नव्हती, मोटारीचे टायर होते. मागे उसाच्या पाचटाची बुटकी कोपी आणि तिच्या दारात धूर. हे चित्र काढणारी मुलगी पाचवीत शिकते. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "फादर, हे आमच्या शेताजवळ उतरलेत. दिवाळी झाली की येतात आणि पाडव्याच्या सुमाराला जातात."

मी त्या चित्राला पहिला क्रमांक दिला. बक्षीस समारंभानंतर काही पालक भेटले. त्यांचा सूर नम्र होता, पण नाराजी लपत नव्हती. त्यांचे म्हणणे असे, की विषय गावाचा होता आणि हे तर गरिबीचे चित्र झाले. बाकीच्या मुलांनी किती सुंदर गाव काढले होते! त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. लोपत चाललेली जीवनपद्धती चित्रात जपायची म्हणजे नेमके काय जपायचे? आणि जे जपले जाते ते खरोखर त्या जीवनाचे असते, की आपल्या आठवणीच्या लाडाचे? त्या पालकांना तेव्हा न दिलेले उत्तर येथे देण्याचा प्रयत्न करतो.

ज्या भागात ही स्पर्धा झाली, त्याच भागातले इनामगाव या प्रश्नाचा विचार करायला फार उपयोगी पडते. शिरूर तालुक्यातील घोड नदीच्या काठचे हे गाव. येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी या विद्वानांची नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे येथे शेतकरी आणि पशुपालक लोकांची वस्ती होती. ते बार्ली पिकवत, गाई-बैल आणि शेळ्यामेंढ्या पाळत, नदीचे पाणी पाटाने वळवत. सर्वांत मोठ्या, पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचे कोठार होते.

आता त्यांच्या चित्रांकडे वळू. या लोकांची मडकी सुबक आहेत. लाल अंगावर काळ्या रंगात नक्षी काढलेली आहे. पण ती नक्षी बहुतांशी रेषा, त्रिकोण आणि चौकटी यांची. ज्या गुरांवर त्यांचे पोट होते, त्यांना रोजच्या भांड्यांवर फारशी जागा मिळाली नाही. गुरांविषयी जे आज आपल्याला कळते ते मुख्यत्वे कचऱ्यात टाकलेल्या हाडांवरून. बैल मात्र एका ठिकाणी आवर्जून घडवलेला सापडला. एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी पुरलेली होती. तिच्याबरोबर मस्तक नसलेली मातीची स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल होता. मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मधून काडी घातली की मूर्ती बैलावर उभी राहते. ही त्यांची देवता असावी असे अभ्यासकांनी मानले. म्हणजे ज्याने हा बैल घडवला त्याला आपले जीवन पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायचे नव्हते. त्याला घराचे रक्षण हवे होते, कदाचित लेकरांचे आयुष्य हवे होते. जपणूक आपोआप झाली, ती मातीने केली.

इनामगावच्या शेवटच्या तीनशे वर्षांची कथा अधिक बोलकी आहे. पूर्वीची प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती खालावली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवरचा भर वाढला. हवामान कोरडे होत गेल्यामुळे स्थिर शेतकरी पुन्हा अर्धभटके पशुपालक झाले, अशी मांडणी डॉ. ढवळीकरांनी केली. अखेरीस इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. आपली जीवनपद्धती संपत आहे, तिचे चित्र काढून ठेवावे, असे तेथल्या कोणाला वाटल्याचे दिसत नाही. जो आत असतो त्याला शेवट दिसत नाही, आणि दिसला तरी त्याच्या हाताला दुसरे काम असते.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. लोपत चाललेले जीवन चित्रात धरून ठेवण्याची इच्छा बहुधा अशा माणसाला होते, ज्याचा एक पाय त्या जीवनाच्या बाहेर पडलेला आहे. त्यात वाईट काही नाही. आपण सारेच तसे आहोत. माझे बालपण वसईच्या वाडीत गेले. माझ्या आजोबांचा रहाट मी थांबलेलाच पाहिला, कारण तोवर विहिरीवर विजेचा पंप बसला होता. रहाटाला जुंपलेली जनावरे मला ऐकून माहीत आहेत. अशा माणसाने रहाटाचे चित्र काढले, तर त्यात पाण्याचा आवाज येईल, पण रात्री दोन वाजता उठून जनावर जुंपणाऱ्या माणसाची झोप येणार नाही. बाहेर पडलेल्या पायाची ही मर्यादा चित्रकाराने ओळखली पाहिजे. ज्यांनी ती ओळखली, त्यांची चित्रे टिकली.

अशा चित्रकारांपैकी एकाचे चित्र आपल्या अनेक कॅथलिक घरांत पूर्वी टांगलेले असे. शेतात उभे असलेले स्त्री-पुरुष, माना खाली, दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा. ज्याँ फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचे 'आंजेलस' ते हेच. १८५७ ते १८५९ या काळात ते रंगवले गेले आणि आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. मिले १८१४ साली नॉर्मंडीतील शेतकरी घराण्यात जन्मला. तरुणपणी त्याने स्वतः शेतात राबण्याचे काम केले होते. हे चित्र त्याने आठवणीतून काढले. शेतात काम चालू असताना घंटा ऐकू आली की त्याची आजी सर्वांना थांबवून मृतांसाठी प्रार्थना करायला लावी, ती ही आठवण.

हे चित्र आपण भक्तिभावाने पाहिले, पण नीट पाहिले का? त्या दोघांचे चेहरे जवळजवळ अंधारात आहेत. पुरुषाच्या हातातली टोपी, मातीत रोवलेला काटेरी खोरे, टोपलीतले थोडेसे बटाटे आणि हातगाडीवरची पोती या गोष्टी मात्र स्पष्ट आहेत. मिलेने श्रम गाळून प्रार्थना काढली नाही. त्याच काळातले त्याचे 'सरवा वेचणाऱ्या स्त्रिया' हे १८५७ चे चित्र घ्या. समोर वाकलेल्या तीन स्त्रिया पिकातून सांडलेली कणसे वेचतात. मागे दूरवर दुसऱ्याच्या मालकीच्या धान्याच्या उंच गंज्या आहेत आणि घोड्यावर बसलेला देखरेख करणारा माणूस आहे. हे चित्र पॅरिसमध्ये मांडले गेले, तेव्हा सुखवस्तू टीकाकार बिथरले, कारण त्यांना त्यात गरिबांची तक्रार दिसली. पुढे छापील प्रती घरोघर गेल्या आणि दोन्ही चित्रे गोड होऊन बसली. मिलेने त्यांत ठेवलेली अडचण आपण चौकटीच्या काचेमागे विसरून गेलो. आमच्या स्पर्धेतील पालकांची तक्रार आणि १८५७ सालच्या त्या टीकाकारांची तक्रार यांत फारसे अंतर नाही.

दुसरे उदाहरण दूरच्या अमेरिकेतले आहे, पण आपल्या विषयाच्या अगदी जवळचे. तिकडे गुरांच्या विस्तीर्ण कुरणांना 'रँच' म्हणतात. एकेका मालकाची हजारो गुरे मोकळ्या माळावर चरत आणि घोड्यावरचे गुराखी त्यांना राखत. चार्ल्स रसेल हा सोळा वर्षांचा मुलगा १८८० साली मोंटाना प्रांतात आला आणि असाच गुराखी झाला. पुढे काटेरी तारांची कुंपणे पडली, मोकळी कुरणे संपली आणि रसेल त्या संपलेल्या जीवनाचा नामवंत चित्रकार झाला. त्याच्या भव्य, रंगीत तैलचित्रांत घोडे उधळतात, दोर फिरतात, धूळ उडते. परंतु त्याला प्रथम कीर्ती मिळाली ती पोस्टकार्डाएवढ्या एका जलरंगातील चित्राने.

१८८६-८७ चा हिवाळा तेथे भीषण ठरला. बर्फाखाली गवत गाडले गेले आणि गुरे अतोनात मेली. शहरात राहणाऱ्या मालकाने पत्र पाठवून आपल्या गुरांची खबर विचारली. उत्तर लिहिणे मुकादमाला जड गेले, तेव्हा रसेलने कागदाच्या एका तुकड्यावर बर्फात उभी असलेली, हाडे वर आलेली एकच गाय काढली. भोवती टपून बसलेले लांडगे. ते चित्र मालकाला पाठवले गेले. हिशेबाच्या पानांत जे मावले नसते ते त्या तुकड्यात मावले. माझ्या मते रसेलच्या पुढच्या मोठ्या चित्रांपेक्षा हे चित्र सरस आहे. मोठी चित्रे गेलेल्या दिवसांची आहेत. हे चित्र त्या दिवसाचे आहे. ते काढताना रसेल बाहेर पडलेला नव्हता. त्याच बर्फात तोही उभा होता.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळ राहणारे जिव्या सोमा मशे यांचे नाव आज जगभर माहीत आहे. १९३४ साली जन्मलेल्या मशे यांची आई लहानपणीच वारली. त्या आघाताने ते बोलेनासे झाले आणि धुळीत चित्रे काढून आपले मनोगत सांगू लागले. वारली चित्रे ही मुळात लग्नकार्यात स्त्रियांनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखायची चित्रे होत. मशे यांनी ती लग्नाच्या चौकाबाहेर आणली आणि रोज काढली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

मशे यांच्या चित्रांत चेहरे नसतात, माणूस म्हणजे दोन त्रिकोण. तरीही भात लावणाऱ्या बाईची कमर आणि भारा वाहणाऱ्या माणसाची कमर यांत फरक असतो. मासे धरण्याचे जाळे ते काढत, तेव्हा त्यातील तंतू न् तंतू येत असे. जाळे कसे विणले जाते हे हाताला माहीत असल्याशिवाय ते असे काढता येत नाही. येथे आपल्याला एक कसोटी सापडते. चित्रकाराच्या डोळ्याला काय दिसले, याबरोबरच त्याच्या हाताला काय ठाऊक होते, हेही विचारले पाहिजे. आज वारली आकृत्या चहाच्या कपांवर, चादरींवर आणि विमानतळांच्या भिंतींवर दिसतात. त्यातून पाड्यांवरच्या कित्येक घरांत दोन पैसे आले, हे चांगलेच झाले. त्याला नाके मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु कपावरच्या नाचणाऱ्या माणसाच्या कमरेत भार उरलेला नाही, हेही खरे आहे.

साहित्यात हेच काम व्यंकटेश माडगूळकरांनी केले. ते लेखक होते, तसेच रेखाटने करणारे चित्रकारही होते. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली त्यांची 'बनगरवाडी' ही माणदेशातील धनगरांच्या वस्तीची कादंबरी. १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. रेखाटन करणाऱ्याची नजर त्या कादंबरीत पानोपानी जाणवते. थोड्या रेषांत माणूस उभा राहतो आणि भोवतीची जागा मोकळी सोडलेली असते. कादंबरीचा निवेदक हा तरुण शाळामास्तर आहे, बाहेरून आलेला. माडगूळकरांनी ते लपवले नाही. धनगरांचे प्रेम, संशय, भांडणे हे सारे त्याला बाहेरच्या माणसासारखे हळूहळू कळते. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी पांगते. घोड नदीच्या काठी जे पावणेतीन हजार वर्षांपूर्वी घडले, तेच माणदेशात पुन्हा घडताना वाचक पाहतो. माडगूळकर त्या वाडीसाठी रडत नाहीत आणि तिला रंगही चढवत नाहीत, म्हणूनच वाचकाला वाईट वाटते.

अशा चित्रांविषयी एक आक्षेप मी स्वतःलाच घेतो. जुने गुराखी जीवन गेले, त्याचे दुःख करायचे कशाला? गुरे राखणारे पोर शाळेत गेले नाही. शेणगोठा करण्यात बाईचे आयुष्य सरले. कोणाच्या दावणीला बारा बैल होते आणि कोण त्या दावणीवर सालगडी म्हणून राबत होते, हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक आहे. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज त्या दुसऱ्या गटातले होते. ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांच्या पाठीला विसावा मिळाला. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ते जीवन परत यावे असे चित्राने म्हणू नये. ते कसे होते याची साक्ष त्याने द्यावी. आणि साक्षीदाराने सोयीचे तेवढेच सांगितले तर ती साक्ष खोटी ठरते. पांढरा बैल आणि रंगवलेली शिंगे काढून मानेवरचा घट्टा वगळणे ही तशीच साक्ष आहे. हा घट्टा आपल्या शेतकऱ्यांना नेहमीच दिसत आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या मानेला हळद आणि तूप चोळण्याची रीत आहे, तिला खांदेमळणी म्हणतात. ज्याच्या मानेवर वर्षभर भार टाकला त्याची एक दिवस तरी सेवा करावी, ही जाणीव त्या रीतीत आहे. झूल आणि घुंगूरमाळ त्यानंतर येतात. आमच्या चित्रांत झूल आली, खांदेमळणी राहून गेली.

आपल्या परंपरेत याचे एक मोठे उदाहरण आहे. १२२३ सालच्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिसने ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. त्यासाठी त्याने चित्र किंवा मूर्ती मागवली नाही. गवताने भरलेली गव्हाण आणली, खराखुरा बैल आणि खरेखुरे गाढव आणले. बैल आणि गाढव यांचा उल्लेख शुभवर्तमानातील जन्मकथेत नाही. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून ते परंपरेने गोठ्यात आले. पण त्या रात्री ग्रेच्चोच्या शेतकऱ्यांना आपल्याच गोठ्याचा वास आला असणार. आज आठशे वर्षांनी आपण नाताळाचे गोठे सजवतो. त्यांत थर्माकोलचा बर्फ असतो, विजेच्या माळा असतात, प्लॅस्टरचा गुलाबी बैल असतो. गोठ्याला शेणाचा वास येत नाही. आमच्या स्पर्धेतील मुलांनी बैलाच्या पाठीवर जू ठेवले याचे आश्चर्य वाटून घेण्याआधी आपण आपल्याच मंदिरातील गोठ्याकडे पाहायला हवे.

आणि आता त्या पाचवीतल्या मुलीच्या चित्राकडे परत येतो. घोड धरणाचे पाणी आल्यापासून आमच्या भागात ऊस वाढला. ऊस तोडायला मराठवाड्यातून आणि नगरकडील दुष्काळी भागातून कुटुंबे येतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाचे नाव हत्याराला जावे आणि हत्याराचे माणसाला यावे, असा तो शब्द आहे. काही टोळ्या ट्रकने ऊस वाहतात, काही टायरगाडीने. बैलांना उसाचे वाढे घालतात, उरलेले वाढे विकून चार पैसे करतात. रात्री पाचटाच्या कोपीत राहतात. इनामगावच्या शेवटच्या काळातील गोल झोपड्यांचे खड्डे आणि चुली पाहणाऱ्या संशोधकांना जे परिश्रमाने उकलावे लागले, तसले जीवन आमच्या शिवारात दर हिवाळ्यात जिवंत येऊन उतरते. बैल, गाडी, कडबा, चूल आणि उद्या कोठे जायचे याची चिंता, हे सारे त्यात आहे. ते हरवलेले नाही. आपण त्याच्याकडे पाहत नाही, इतकेच.

बैलगाडीचे प्रेम आमच्या भागात कमी आहे असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा शिरूर, खेड, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत केवढी तळमळ उठली! डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा गुलाल उधळला गेला. २०१९ च्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी घटलेला दिसला, तेव्हा मात्र कोणी काही उधळले नाही, कोणी रस्त्यावरही आले नाही. शर्यतीचा बैल हा आपला अभिमान आहे. उसाच्या गाडीचा बैल हा परक्याचा कष्ट आहे. चित्र काढताना आपण पहिला निवडतो.

त्या मुलीने दुसरा निवडला. तिच्या चित्रात दोष होते. गाडीचे एक चाक अंडाकृती होते, कोपी हवेत तरंगत होती. पण उंच आणि ठेंगणा अशी बेजोड बैलजोडी हा कल्पनेचा खेळ नव्हता. ज्याला जोड परवडत नाही तो मिळेल तो बैल घेतो. तिने हे कोणाकडून ऐकले नव्हते. तिने ते कुंपणापाशी उभे राहून पाहिले होते. मिलेला आठवणीतून जे सापडले, रसेलला बर्फात जे सापडले, मशे यांच्या हाताला जे ठाऊक होते, त्याचा एक लहानसा अंश त्या कागदावर होता. बाकीच्या चित्रांत चांगला रंग होता, नीटनेटकेपणा होता, आणि त्यांनाही मी शाबासकी दिली. पहिला क्रमांक मात्र पाहण्याला द्यायचा असतो, असे मला वाटते. पालकांना त्या दिवशी न दिलेले उत्तर ते हेच.

पाडव्यानंतर मी त्या शेताकडे गेलो होतो. चित्राची एक प्रत त्या कुटुंबाला द्यावी असे मनात होते. कोप्या मोडून टाकल्या होत्या, टोळी गेली होती. चार खुंटे तेवढे जमिनीत राहिले होते आणि त्यांच्याभोवती खुरांनी तुडवलेली माती. ती प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. येत्या हिवाळ्यात ते परतले तर त्यांना देईन.

या वर्षीच्या स्पर्धेचा विषय आम्ही बदलला आहे. तो आहे 'माझ्या शिवारातले काम'. चित्र काढण्यापूर्वी मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर एकदा तरी गोठ्यात, मळ्यात किंवा तोडणीच्या फडावर जावे, जू, कासरा, वेसण, शिवळा ही नावे विचारावीत, आणि जनावराच्या मालकाची परवानगी घेऊन त्याच्या मानेवर हात ठेवून पाहावा, एवढीच अट घातली आहे. ज्या घरांत आजी-आजोबा आहेत त्यांनी या कामी मुलांना वेळ द्यावा, ही नम्र विनंती. नाताळाच्या गोठ्यासाठीही या वर्षी थर्माकोल आणणार नाही. ज्यांच्या शेतात पाचट आहे त्यांनी दोन भारे मंदिरात पोहोचते करावेत.